मोठीमायचा खारा चहा

तुमच्या गावच्या विहिरीचं पाणी गोड आहे, यात तुमचं कर्तृत्व किती?

प्रश्न मोठीमायचा. मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मागच्या महिन्यात मी नांदुऱ्याला पत्रकं छापून घेत होतो. गावचा गाडीवान छापखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. “चाल बाबू... मोठीमाय गेली.” पत्रकांची शाई अजून ओली होती.

तिचं माहेर जळगाव जामोदकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथं विहिरीवर वांगी, मिरच्या, केळी. आमचं गाव पूर्णेकाठी, खारपाण पट्ट्यात. इथं कुठंही खणा, खारंच पाणी लागतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ओलिताचं तर नावच नको. उन्हाळ्यात बायका नदीच्या वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं हंडा भरतात. तिचे वडील आमचं घर पाहायला आले, तेव्हा आमच्या लोकांनी लांबच्या गोड विहिरीवरून पिंप भरून आणलं आणि त्याचा चहा पाजला. या पट्ट्यात सगळेच तसं करतात, नाहीतर पोरगी कोण देणार? लग्नानंतर पहिल्या सकाळी चूळ भरताना तिला कळलं. “मले वाटलं, नणदेनं मस्करीनं मीठ टाकलं,” असं सांगताना ती हसायची, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावायची.

माझ्या लग्नासाठी तिच्याच माहेरकडचे पाहुणे आले, तेव्हाही वडिलांनी पिंप आणवलं होतं. मोठीमायनं चहा मात्र आमच्याच विहिरीच्या पाण्याचा केला. मुलीच्या बापानं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“पाव्हणे, तुमची पोरगी जलमभर हेच पेणार हाये. बापानं एक कप तं प्यावा!”

पाहुणे दुपारच्या एसटीनं परत गेले. वडील तापले. “वहिनी, पोराले बिनलग्नाचा ठेवता का?”

“ठेवा. मले फसोलं थे पुरे झालं, भाऊजी. आता दुसरी नोको.”

मला तिचा तेव्हा फार अभिमान वाटला. लग्नाचं काय, होईल तेव्हा होईल!

माझी पत्रकं ती माझ्याकडूनच वाचून घ्यायची. एकदा म्हणाली, “सरकार, शेठ, साऱ्याईले शिव्या देल्ल्या तुनं. पाण्याचं एक अक्षर नाही काऊन बे?” ती गेली त्या दिवशी छापखान्यात होतं ते पत्रक पाण्याचंच होतं. गोड पाण्याचा नळ पूर्णेकाठच्या प्रत्येक गावात आला पाहिजे, एवढीच मागणी. तिला ते वाचून दाखवायचं राहिलं...

तेराव्याला एक पुढारी भेटायला आले. ओसरीवर टेकून म्हणाले, “या भागातले लोकच आळशी. पायथ्याकडची गावं पाहा, कशी पुढं गेली!” कुणीतरी गोड पाणी आणायला धावलं. मी त्याला थांबवलं आणि मोठीमायचा पितळी तांब्या विहिरीवर भरून आणला. पुढाऱ्यांनी एक घोट घेतला अन् तांब्या खाली ठेवला. त्यानंतर आळसाचा विषय निघाला नाही.

तो तांब्या चुलीजवळच्या कोनाड्यात आहे. आतून खाराचा पांढरा थर चढलाय. ती तो कधी चिंचेनं घासायची नाही. “राहू दे, पाव्हण्याईले दिसला पाह्यजे.” आम्हीही घासलेला नाही.

वाचकहो, कुणी एखाद्या गावाला मागास म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा, तिथलं पाणी प्यालास का? आणि आमच्याकडे याल तेव्हा गोड पाणी मागू नका. मोठीमायच्या तांब्यातलं प्या. नळाच्या मागणीवर सही मग करा.