कुणाचं दूध ते सांगायचं नाही

आजीबाईंनी दुधाची वाटी पदराआड धरली आणि म्हणाल्या, "आधी सांग, दूध कुणाचं? मग पाज."

मी दारातच थांबले. हातात ड्रॉपर. आत त्यांचा नातू भुकेला. त्याचा आवाजसुद्धा निघत नव्हता, नुसतं तोंड उघडत होता.

मी बेंगळुरातल्या एका मिशन हॉस्पिटलात आया आहे, मिल्क रूमला. शिक्षण चौथीपर्यंत. मिल्क रूम म्हणजे काय, तर ज्या बाळंतिणींना दूध जास्त येतं त्या तिथं बसून वाटीत काढून देतात. मी ते सगळं एका पातेल्यात ओतते, उकळते, निववते, आणि दिवस भरायच्या आधी झालेल्या पोरांना थेंबथेंब पाजते. अशा पोराला डॉक्टर प्रीमॅच्युअर म्हणतात. त्याला ओढून प्यायची ताकद नसते. माझंही अंगावर पितं लेकरू आहे, दानिएल, म्हणून पातेल्यात माझंही दूध असतं. मॅट्रनचा कायदा एकच. दूध मिसळायचं, आणि कुणाचं ते सांगायचं नाही.

माझा दानिएलही असाच आधी झाला, इथंच. मला ताप होता. तो कुणाच्या तरी दुधावर जगला. त्या बाईचे उपकार मानायचे म्हणून मी मॅट्रनला नाव विचारलं. ती म्हणाली, "ठाऊक नाही. देवाचे आभार मान आणि पातेलं घास." तशी मी कामाला लागले. ओतताना मनात एवढंच म्हणते, प्रभू, घेतलं होतं ते परत करतेय.

तर आजीबाई. चिकपेटेत त्यांची रेशमाची मोठी पेढी. पूर्वापार इथं राहिलेलं मराठा घराणं. मुलाचे रेसचे घोडे, त्याचा फोटो पेपरात येतो. सून तापानं पडलेली, तिला दूध नाही.

तोवर बोलणं कानडीतच चाललं होतं, पण घाबरून माझ्या तोंडून मराठी निघालं, "अक्का, वाटी द्या, गार होतंय."

मराठी ऐकून त्यांचा चेहराच बदलला. "अय्यो, तू आपल्यातली होय! आधी नाही का सांगायचं?"

घरात मराठी बोलते म्हणजे आपल्याच जातीची, असं त्यांनी धरूनच टाकलं. "कुंकू का नाही गं? ही मॅट्रन पुसायला लावते वाटतं. सरी, बरं, आता असं कर. तुझंच दूध दे आमच्या राजाला, निराळ्या वाटीत. त्या पातेल्यात कोण कुठली कालवलेली असेल! नाहीतर मी पोराला घरी नेते."

मी पळत मॅट्रनकडे गेले. बाईंचं म्हणणं सांगितलं. ती हात धूत होती.

"राजालाही तेच पातेलं," ती म्हणाली.

"ते घरी नेतील, मॅडम."

"घरी नेलं तर मरेल. जा, सांग त्यांना."

"मी?"

"तुझी भाषा ना ती?"

परत आले. गप्प राहिले असते तर बाईंनी माझं दूध आनंदानं घेतलं असतं. पण मग मॅट्रनचा पातेल्याचा कायदा मोडला असता. आणि खोटंही झालं असतं. मी डोळे मिटले आणि एका दमात बोलले.

"अक्का, पातेल्यात एका मुसलमान बाईचं आहे, आनेकलकडच्या मजूर बाईचं आहे, एका वकिलीणबाईंचं आहे. नावं मी सांगणार नाही. आणि माझं आहे. मी ख्रिस्ती. आमचे आजे नगरकडचे, गावाबाहेरच्या वस्तीतले. माझं कुंकू कुणी पुसलं नाही, आम्ही लावतच नाही. आणि बाळाला आत्ता पाजलं नाही तर ते टिकायचं नाही, असं मॅट्रन म्हणते."

मला वाटलं, आता वाटी तोंडावर येणार आणि नोकरीही जाणार.

बाई बाळाकडे बघत राहिल्या. त्यानं परत तोंड उघडलं.

"हे मला कशाला सांगितलंस?" त्या चिडून म्हणाल्या. "गप्प बसायला काय झालं होतं तुला?"

वाटी माझ्या हातात दिली. खिडकीकडे तोंड केलं. "पाज. मी बघत नाही."

तेव्हापासून रोज तसंच. मी आत गेले की त्या पाठ फिरवायच्या. पाजून झालं की पाठमोऱ्याच विचारायच्या, "सगळं प्यालं?" एकदा तर म्हणाल्या, "काल स्वल्प कमी वाटलं." न बघता कसं वाटलं ते मी विचारलं नाही.

पोरानं अंग धरलं. गालावर मांस आलं. मग एका दुपारी बाईंनी मला बसवून घेतलं.

"जयनगरात नवा बंगला झालाय. मागं तुला खोली. तुझ्या नवऱ्याला पेढीवर घेऊ. आमच्या समाजाच्या हॉलमध्ये तुझा सत्कार करू, पेपरात फोटो देऊ. घरी फक्त नाव लक्ष्मी सांग. चर्चला जायचं ते गुपचूप जा."

घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "फोटो राहू दे, खोलीत नळ आहे का विचार."

खोली मला हवी होती. आमचं छप्पर गळतं. पण मी दुसऱ्या दिवशी नाही म्हटलं.

"तिथं मी एकाला पाजीन, अक्का. इथं काचेच्या पेटीत आणखी आहेत. आणि ज्या प्रभूनं माझं पोर जगवलं, त्याचं नाव चोरून कसं घेऊ?"

"वेडी आहेस."

"असेन."

"नळ होता गं खोलीत," त्या म्हणाल्या. हे मी घरी सांगितलं नाही.

बाळ घरी गेलं. सुनेचा ताप उतरला होता, तिला दूधही उतरलं, आणि पुष्कळ उतरलं. थोड्या दिवसांनी मिल्क रूमच्या दारात मोटार थांबली. आजीबाई सुनेला हाताला धरून आत घेऊन आल्या. बाकावर ती मुसलमान बाई बसली होती, तिला म्हणाल्या, "सरक गं जरा." सून तिच्या शेजारी टेकली. वाटी भरली तशी आजीबाईंनी ती स्वतःच्या हातानं आणून पातेल्यात ओतली.

"कुणाला जाईल ते मला सांगू नको," त्या म्हणाल्या.

"मॅट्रनचा कायदाच आहे तसा, अक्का."

हल्ली नवीन बाळाची माणसं आली की मी आधीच बजावते, दूध कुणाचं ते विचारू नका. मला खोटं बोलता येत नाही, आणि तोवर दूध गार होतं.