अक्कांच्या घरातली हवा

जळगावात मी घरं दाखवायचं काम करते. पहिला लॉकडाऊन उठल्यावर ते पुन्हा सुरू झालं, पण पहिल्यासारखं नाही. पूर्वी एक घर बघायला दहा माणसं यायची, भिंतींवर टिचक्या मारायची, चहा घ्यायची. आता मी आधी व्हिडिओ पाठवायचे. तरीही ज्यांना यायचंच असेल, त्यांच्यातले दोघेच, मास्क लावून, पंधरा मिनिटं. घरमालकाने दारं, खिडक्या, कपाटंसुद्धा आधीच उघडून ठेवायची, म्हणजे कुणाला कशाला हात लावायला नको.

त्या दिवसांतलं एक घर लक्षात राहिलं ते अक्कांमुळे. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या अक्का कॉलनीतल्या एका बैठ्या घरात एकट्या राहायच्या. चाळीसगावला मुलीकडे कायमचं जायचं म्हणून घर विकायला काढलेलं. मी नियम समजावायला गेले, तर त्या दारात पेटती उदबत्ती धरून उभ्या.

“ये, पण लांब थांब,” त्या म्हणाल्या. “हवा कुठून कुठे जाते ते बघतेय. आलेल्या माणसांचा श्वासही त्याच वाटेनं जाणार ना?”

मला हे कधी सुचलंच नव्हतं. मी अंगणात, दारापुढच्या ओट्याच्या खालीच उभी राहून खिडकीतून बघत राहिले आणि त्या खोलीखोलीतून फिरल्या. पुढच्या दारातून शिरलेला धूर स्वयंपाकघरातून मागे निघून जायचा. म्हणून लोकांनी पुढून यायचं, मागून बाहेर पडायचं, आणि अक्कांनी पुढच्या अंगणात बसायचं, असं आम्ही ठरवलं. मागच्या खोलीत मात्र धूर सरळ वर गेला आणि छताखाली तसाच रेंगाळला.

“इथं कुणाला थांबू देऊ नकोस,” अक्का म्हणाल्या.

चारपाच दिवसांनी धुळ्याहून एक नवरा-बायको आले. बाई नर्स. जळगावातल्या एका दवाखान्यात रुजू होणार होती. अंगणातून अक्कांनी खणखणीत आवाजात बजावलं, “बठ्ठं उघडं शे, सगळं उघडंच आहे, हात नका लावू!” नर्सने बाकीचं घर भराभर पाहिलं आणि नेमकी त्या मागच्या खोलीत जाऊन थांबली.

“ताई, मला हीच हवी,” ती म्हणाली. “हिला स्वतःचं बाथरूम आहे. ड्युटीवरून आले की इथंच राहीन. घरात सासूबाई आहेत, त्यांच्यापर्यंत काही पोचायला नको.”

मी नुसती मान डोलावली. खोलीतली हवा हलत नाही हे मला माहीत होतं, आणि सांगितलं तर गिऱ्हाईक जाईल हेही. पंधरा मिनिटं संपत आली, तेव्हा मी दोघांना मागच्या दाराने काढून वळसा घालून अंगणात आणलं. अक्कांनी दुरूनच विचारलं, “मागची खोली आवडली का?”

“खूप.”

“तिथं हवा खेळत नाही, बाई. तुझं काम असं, म्हणून सांगते.”

माझं तोंड उतरलं. स्वतःची लाजही वाटली, की हे मी बोलायला हवं होतं. पण नर्स उत्सुकतेने एक पाऊल पुढे आली, मग भानावर येऊन मागे सरली.

“का खेळत नाही, अक्का?”

“पश्चिमेची भिंत. आपल्याकडचं ऊन भयंकर, म्हणून आमच्या ह्यांनी खिडकीच ठेवली नाही.”

“आणि वर, छताजवळ केली तर? ऊन कमी येईल, हवा तर जाईल.”

अक्का खुर्चीत सावरून बसल्या. “जाईल. पण आत यायलाही वाट हवी. बाथरूमचा झरोका मोठा कर.”

मग अंगणाच्या दोन टोकांवरून दोघींची चर्चा रंगली. नवरा घड्याळ बघत होता. मी मात्र माझ्याकडे विकायला आलेल्या घरांत अशा किती बंद खोल्या आहेत ते मनात मोजत होते. तेव्हापासून घर दाखवताना कोंदट खोली कुठली, हे मी आधी सांगू लागले.

त्यांनीच ते घर घेतलं. किल्ली द्यायच्या दिवशी अक्कांनी ती ओट्यावर ठेवली आणि फाटकापर्यंत मागे गेल्या. नर्सने किल्ली उचलली.

“एक मिनिट,” अक्का म्हणाल्या. “तिथूनच जरा मास्क खाली कर. घर कुणाला दिलं ते बघू तरी दे.”

नर्सने मास्क खाली ओढला. मी समजत होते त्याहून ती कितीतरी लहान होती. अक्कांनी मग आपलाही पदर तोंडावरून काढला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि हसल्या.