दूध बंद केल्यासारखं नेट बंद केलं

आदिलाबादजवळच्या आमच्या इचोड्यात काही बंद करायचं तर ते तोंडीच होतं. गवळ्याला म्हणायचं, "उद्यापासून दूध नको गा," की झालं. घरचं नेटही मी असंच बंद केलं. जुन्या कंपनीचं नेट वारा सुटला की जायचं, म्हणून सुनेनं दुसऱ्या कंपनीचं घेतलं. जुन्यांचा लाईनमन आला, त्याच्या हातात नेटचा डबा दिला, चहा पाजला, म्हटलं, "आता तुमचं नको बाप्पा." त्यानं मान हलवली. मला वाटलं, मिटलं.

मग फोन सुरू झाले. "अम्मा, आपका बिल बाकी है." मी काय खुळी आहे? फोनवर लुबाडल्याच्या गोष्टी रोज कानावर येतात. "तुझ्या बापाले माग बिल!" म्हणून मी फोन कापायची, आणि शेजारणींना रंगवून सांगायची, आज अजून एक चोर पळवला.

यंदा मी मिरची दळायची चक्की घ्यायचं ठरवलं. इतकी वर्षं तिखट-मसाला विकते, पण दळायला दुसऱ्याच्या दारात उभी राहते. चैत्राच्या आधी स्वतःची चक्की आली तर अख्ख्या उन्हाळ्याचं गिऱ्हाईक माझं. म्हणून बँकेत कर्जाचा अर्ज टाकला.

बँकेतले साहेब आदिलाबादचे, मराठीच. म्हणाले, "आजी, तुमचा क्रेडिट रेकॉर्ड खराब आहे. कर्ज मंजूर होणार नाही."

"जन्मात कर्ज काढलं नाही मी. मंग खराब काऊन होईन?"

"कसलं तरी बिल थकलंय. कागद काढून बघा."

पहिला संशय मला साहेबांचाच आला. यांना टेबलाखालून काही पाहिजे असेल. मग सुनेचा. दिवसभर फोन तिच्याच हातात. घरी येऊन सरळ विचारलं, "माह्या नावावर काही उचललं का तू?"

तिचा चेहराच उतरला. "आई, जुनं नेट तुमच्याच आधारवर होतं. ते पाहा आधी." एवढं बोलली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चुकलंच माझं.

रेकॉर्डचा कागद काढला, तर तीच जुनी कंपनी. मी डबा दिला, पण बंद करायचा अर्ज नाही, डब्याची पावती नाही. त्यांच्याकडं लाईन चालूच, बिलावर बिल चढत गेलेलं. मी चोर म्हणून हाकललेले खरेच कंपनीचे होते!

आदिलाबादला त्यांच्या ऑफिसात गेले. तिथला क्लार्क गोड हसून म्हणाला, "अम्मा, आधा भर दो, मामला खतम."

आता बघा, आमच्या बाजारात कोणी मागितल्याशिवाय निम्मा भाव सोडला की माल किडका समजायचा. मी तिथूनच बँकेच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "थांबा आजी. निम्मे भरले तर रेकॉर्डवर तडजोड म्हणून लागतं. बँकेला तेही चालत नाही."

क्लार्ककडं वळले. "आधा नहीं, कुछ नहीं. पैले डब्बे का नंबर डालके देखो. डब्बा तुम्हारेच पास है."

त्यानं कुरकुरत पाहिलं. मी लाईनमनला दिला त्याच आठवड्यात डबा त्यांच्याकडं जमा झालेला! मग पुढची सगळी बिलं रद्द झाली. डबा देण्याआधीच्या चार-सहा दिवसांचे पैसे राहिले होते, ते मी भरले, आणि 'काही बाकी नाही' असा शिक्क्याचा कागद घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठले नाही.

पण रेकॉर्ड काही त्या दिवशी बदलत नाही. महिना-दीड महिना गेला. कर्ज मंजूर झालं तेव्हा वैशाख संपत आलेला, माझी गिऱ्हाइकं दुसऱ्या चक्कीवर दळून मोकळी झालेली. यंदाचा उन्हाळा गेला तो गेलाच.

सहीच्या दिवशी सून सोबत आली. मी तिला एकेक पान वाचायला लावलं.

साहेब घड्याळ पाहत म्हणाले, "आजी, मागं रांग लागली."

"लागू द्या," मी म्हटलं. "कर्ज फिटल्यावर हे खातं बंद कराले कोठं लिहून द्या लागते, अन् पावती कोण देते, थे पान आंधी दाखवा."