चौदावी तुळई

ऐन दुष्काळात लातुरात समुद्र सापडला, हे अख्ख्या जगात ज्या एकाच माणसाला ठाऊक होतं, त्या माणसाशी मी खोटं बोललो आणि ते खोटं पुढे अठ्ठावीस वर्षं जपलं. हे आधी लिहून टाकतो. नाहीतर त्यांच्या गोष्टी सांगण्याच्या आनंदात ते पुन्हा मागे राहील, जसं आजवर राहत आलं.

ते माझे खोलीसोबती. मूळचे देगलूरचे, प्राणिशास्त्राचे संशोधक. लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि मी त्यातल्या एका कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो. त्यांचा विषय होता समुद्रात राहून लाकूड पोखरणारा एक प्राणी: दिसायला किडा, जातीनं शिंपला, जुन्या गलबतांचा कर्दनकाळ. खुद्द समुद्र त्यांनी एकदाच पाहिला होता, कॉलेजच्या सहलीत, आणि तोही तापानं फणफणत. पण लाकडाचं वेड असं, की दारावर टकटक करायचे ती आत येण्यासाठी नव्हे, दार कोणत्या लाकडाचं आहे हे ऐकण्यासाठी. आतून कडी निघाली तरी यांचा कान फळीलाच. बसमधला बाक, न्हाव्याची खुर्ची, काहीच सुटत नसे; एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाला उठवून पाट उलटा करून पाहिला. फारच शंका आली तर लाकूड चाटून त्यात मीठ आहे का तेही बघत. आमच्या घरमालकीणबाई, म्हणजे अक्का, टँकरच्या रांगेत घागर ठेवून साऱ्या गल्लीला सांगत, "प्यायला पाणी न्हाई, अन् आमचं भाडेकरू दार चाटून समुद्र हुडकून राहिलंय!"

आणि एके दिवशी तो सापडला. गावाबाहेरची निजामाच्या काळातली जिनिंग फॅक्टरी पाडायचं काम चाललं होतं. कापसातून सरकी काढणारी यंत्रं केव्हाच गेली होती. छपराच्या चौदा सागवानी तुळया तेवढ्या उरल्या होत्या. त्या तुळयांत त्यांना बोट जाईल एवढी भोकं दिसली आणि भोकांना आतून पांढऱ्या चुन्याचं अस्तर. वाळवी असं अस्तर करत नाही. त्यांचा समुद्रातला प्राणी करतो. म्हणजे मुंबईला मोडीत काढलेल्या जहाजांचं लाकूड रेल्वेनं इथवर येऊन कापसाच्या कारखान्यावर चढलं होतं! प्राणिशास्त्र आणि कारखान्याचा इतिहास, दोन्ही एकाच भोकात. ते धावतच खोलीवर आले. "राव, आपल्या लातुरात जहाज हाय! उलटं करून छपराला टांगलंय!"

तुळयांचा लिलाव आमच्याच कचेरीतून व्हायचा होता. त्यांनी अर्ज लिहिला: लिलाव पंधरा दिवस थांबवावा, भोकांच्या तळाशी प्राण्याचं कवच शोधायचं आहे. कवचाशिवाय त्याची जात ठरत नव्हती आणि जात ठरल्याशिवाय पदवी मिळणार नव्हती. अर्ज साहेबांपुढे मी न्यायचा होता. मी तो चार वेळा वाचला. दुष्काळाच्या फायलींच्या ढिगात शिंपल्याचा अर्ज! सगळी कचेरी हसेल आणि हसेल ती मला, या भीतीनं मी तो ड्रॉवरात सारला आणि खोलीवर जाऊन सांगितलं, "साहेबांनी नामंजूर केला."

ते म्हणाले, "साहेबांचं बी बरोबर हाय. माणसं पाण्यावाचून तडफडून राहिली, तवा शिंपल्यासाठी कोण थांबणार?" ते माझ्यावर चिडले असते तर मी तिथेच सगळं कबूल केलं असतं, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. ते खरं असेलच असं नाही.

तुळया विकल्या गेल्या, गावोगाव पांगल्या. आमचे संशोधक दोन वर्षं त्यांच्या मागावर. अहमदपूरच्या एका आडत दुकानात पोत्यांच्या थप्पीवर चढून छपराला कान लावून उभे राहिले, तेव्हा दुकानदार म्हणाला, "डॉक्टर हायेत का तुमी? लाकडाची नाडी बघून राहिलेत!"

"हाव," हे शांतपणे म्हणाले, "पण पेशंट शंभर वर्षांमागंच गेलाय." दुकानदारानं हसत हसत शिडी आणवली.

अशा तेरा तुळया सापडल्या. अस्तर प्रत्येकीत होतं; कवच एकीतही नव्हतं. चौदावी मुदखेडजवळच्या एका खेड्यात, नव्यानं बांधलेल्या बौद्ध विहाराच्या छपराला होती. शिडी धरायला मीही गेलो. रेल्वेतून निवृत्त झालेले एक बाबा तिथले कर्ते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"आमच्या छपरात समुद्रातला किडा हाय म्हणता?"

"होता, बाबा."

"मग काढा. पण छप्पर खाली आलं, तर त्या तुळईच्या जागी तुमालाच उभं करू."

दाभणानं एकेक भोक कोरता कोरता नवव्या भोकातून मुगाच्या डाळीएवढी दोन पांढरी कवचं त्यांच्या तळहातावर पडली. ते शिडीवरून ओरडले, "घावला! घावला!" साऱ्या वस्तीनं टाळ्या पिटल्या. कवचं स्टीलच्या ताटलीतून सगळ्यांपुढे फिरली. एक म्हातारी डोळे बारीक करून म्हणाली, "एवढुसं? अन् यानं जहाज खाल्लं?" त्या गलक्यात टाळ्या न पिटणारा मी एकटाच; दोन्ही हातांनी शिडी धरून उभा होतो.

पदवी मिळाली. अक्कांनी गल्लीत साखर वाटली. ते प्राध्यापक झाले आणि पुढे प्रत्येक भाषणात हा किस्सा सांगू लागले. त्यात दरवेळी एक वाक्य असे, "एका साहेबांनी माझा अर्ज फेकून दिला होता!" लोक त्या साहेबांना हसत. साहेब तोवर वारले होते. त्यांनी तो अर्ज कधी पाहिलाही नव्हता. तुळया पांगल्या म्हणूनच तर प्रबंध इतका मोठा झाला, अशी समजूत मी स्वतःची घालत राहिलो. ती फार दिवस पुरली नाही.

परवा देगलूरला त्यांचा निवृत्तीचा सत्कार झाला. तोच किस्सा, तेच वाक्य, तोच हशा. हार घालायला मी पुढे गेलो आणि माझ्या नेहमीच्या हळू आवाजात बोलून टाकलं. पण आता त्यांना कमी ऐकू येतं. तुळईला लावत तसा त्यांनी कान माझ्या छातीशी आणला. "काय म्हणता, राव? जरा मोठ्यानं बोला की!"

सगळा मंडप आमच्याकडे बघू लागला. जन्मात कधी चढवला नव्हता एवढा आवाज मी चढवला.

"साहेबांनी तुमचा अर्ज पाहिलाच नव्हता. तो मी ड्रॉवरात दडवला. लोक मला हसतील म्हणून भ्यालो, आणि तुमच्याशी खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ करा."