बूस्टर उतरला आणि शेजारून दूध आलं

मंडळी, आज सकाळी पुन्हा एक रॉकेट मोबाईलवर पाहिलं. ते सुटण्यापेक्षा मला त्याचा खालचा भाग, म्हणजे बूस्टर, परत येताना पाहायला आवडतं. आकाशातून खांबासारखा सरळ खाली येतो, शेवटी इंजिन पेटवून वेग कमी करतो आणि आपल्या पायांवर उभा राहतो.

आजही उतरला. तिकडची माणसं ओरडली, मीही टाळ्या वाजवल्या. मोबाईलचा आवाज मोठाच होता. रिटायर झाल्यापासून हिंगणीच्या या घरात मी एकटाच असतो, त्यामुळे आवाज कमी करायचं सुचत नाही.

थोड्या वेळात शेजारच्या शांताकाकू गंजात, म्हणजे पातेल्यात, दूध घेऊन दारात. आमच्या गल्लीत कोणाकडे पाहुणे आले की शेजारून दूध येतं.

"लय पाव्हणे आले वाटते भाऊ? टाळ्या आयकू आल्या."

"कोणी नाही काकू. हे पाहत होतो."

त्यांना बसवून व्हिडिओ पुन्हा लावला. चष्मा सावरत त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. धूर विरला आणि मोकळ्या मैदानात बूस्टर एकटाच उभा दिसला.

"इतक्या दुरून आला, अन् त्याले घ्याले कोणीच नाई आलं?"

धोका असतो म्हणून माणसं लांब थांबतात, असं मी सांगितलं. काकूंना काही ते पटलं नाही. जाताना दूध मात्र त्यांनी परत नेलं नाही.

पुढच्या वेळी तुमच्यापैकी कोणी बूस्टर उतरताना पाहत असेल, तर इथे खाली नुसतं 'उतरला' एवढं लिहाल का?