रिफंडच्या बाकावरचे राव

सरकारने पैसे अडवून ठेवले आणि तरी वजन वाढले, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तमिळ मुलखातल्या आवडी गावच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षे तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसला. तंजावरकडच्या मराठी घराण्यातला, म्हणून मी त्यांना 'राव' म्हणे. मी वर्षाने मोठा, म्हणून ते मला 'अण्णा'. त्यांचा हेवा करण्यात माझी नोकरी कधी सरली ते कळलेच नाही. पन्नाशी उलटली तरी डोके काळेभोर. झोप तर हुकमी: गाडीत बसले की डोळे मिटत आणि उतरायचे स्टेशन आले की आपोआप उघडत. मी इतक्या वर्षांत भाजी घेण्यापुरते तमिळ शिकलो. राव तमिळमध्ये भांडत, आणि समोरचा हसत हसत निघून जाई.

आम्ही एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेतली. दोघांचाही कर जास्त कापला गेला, दोघांनीही रिफंड मागितला आणि दोघांच्याही फायली तपासणीला लागल्या. माझा त्यावर साताऱ्यातला फ्लॅट अडला होता. बिल्डरने वर्षअखेरपर्यंत मुदत दिली होती आणि बायको निम्मे सामान बांधून बसली होती. रावांचे काहीच अडले नव्हते. त्यांचे पूर्वज इकडे आले ते आलेच. परत कुठे जायचे हा प्रश्नच त्या घराण्याला कधी पडला नाही. मला त्याचाही हेवा वाटे.

दर मंगळवारी आम्ही आयकर कचेरीतल्या बाकावर जाऊन बसत असू. तिथला कारकून मला आणखी एक कागद आणायला सांगे आणि रावांना कॉफी पाजे. तोच माणूस, तीच फाईल, तेच कलम! मी धुसफुसू लागलो की राव डब्यातले चित्रान्न पुढे करीत. "सरी, होऊं दे की अण्णा. सरकाराचें काम रागावल्यानें चालतें काय? खाऊन घ्या अगोदर." मी खात असे, कारण तो लिंबाचा भात आमच्या घरच्यापेक्षा चांगला असे.

एकदा बाकावरच्याच एका निवृत्त मास्तरांचा रिफंड आमच्या आधी आला. मी त्यांचे तोंड भरून अभिनंदन केले आणि घरी येऊन दोन दिवस जेवलो नाही. बायकोने ते रावांना सांगितले.

नोव्हेंबरात माझा चेक आला. तो घेऊन मी तसाच रावांच्या घरी धावलो. आयुष्यात प्रथमच मी त्यांच्या पुढे होतो, आणि खरे सांगतो, ते सुख पैशांहून मोठे होते. राव टाळ्या वाजवून हसले. तेवढ्यात वहिनी आतून आल्या आणि एक पाकीट त्यांनी माझ्यासमोर ठेवले. "आतां तरी सांगा की अण्णांस!"

आत रावांच्या नावाचा चेक होता, पाच महिन्यांपूर्वीचा. असल्या चेकची मुदत तीन महिने. तो केव्हाच बाद झाला होता.

"बँकेत का नाही भरलात?" मी ओरडलोच.

"दोघांचीं पासबुकें तुम्हीच भरून आणतां की," राव खाली मान घालून म्हणाले. "पाहिलें असतें तुम्ही. मग जेवण सोडिलें असतें. तुमचा येऊं दे, मग भरूं म्हटलें. मुदत असते तें ध्यानांतच नाही आलें, अय्यो."

मला लाज वाटली. नुसती नाही, चांगली घाम फुटेपर्यंत वाटली. पाच महिने हा माणूस दर मंगळवारी डबा भरून, गाडीचे तिकीट काढून, विनाकारण माझ्या शेजारी बसायला येत होता.

बिल्डर थांबणारा नव्हता. आम्ही साताऱ्याला आलो. रावांनी नव्या चेकसाठी अर्ज केला, म्हणजे पुन्हा तोच बाक. जुना कारकून बदलला, पण नवाही कॉफी पाजतो, असे त्यांनी पत्रात कळवले आहे. इथला फ्लॅट चांगला आहे, पाणी चोवीस तास आहे, आजूबाजूला सगळे मराठीच बोलतात. तरी मंगळवार उजाडला की मला काही सुचत नाही. रावांच्या शेजारी आता दुसरा कोणी बसत असेल, त्यांच्या डब्यातले खात असेल. तो कोण, कुठला, मला ठाऊक नाही. पण हेवा वाटतो त्याचा.