मामूचं गाठोडं

कॉम्प्युटर इतका भारी येणारा आणि कॉम्प्युटरवर इतका कमी भरवसा ठेवणारा माणूस लातुरातच काय, सगळ्या मराठवाड्यात दुसरा नसेल. आमच्या क्लासच्या गल्लीतले झेरॉक्सवाले मामू. सगळी गल्ली त्यांना मामूच म्हणायची, खरं नाव मला आजही माहीत नाही, आणि त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. मी मुखेडची, म्हणून मी 'मुखेड'. दुकान एवढंसं, की मशीनचं झाकण उघडलं की मामूंना एक पाऊल बाहेर यावं लागे. तसेही ते दारातच बसायचे, स्टूल उंबऱ्याला लावून, चपलांची तोंडं रस्त्याकडं. पंखा मात्र आत. मी म्हणलं, "मामू, उकडून राहिलंय, आत बसा की." तर म्हणाले, "पंख्याचं काय बेटा, तो छताला लटकलेला असतो. दार आपलं बरं."

भूकंपात त्यांचं औसा तालुक्यातलं घर पडलं तेव्हा ते सात वर्षांचे होते. अम्मीनं एका हातात त्यांना धरलं, दुसऱ्या हातात एक गाठोडं, आणि बाहेर आली. बाकी सगळं आत राहिलं. त्या दिवसापासून मामू जगातली प्रत्येक वस्तू एकाच मापानं मोजायचे: एका हातात उचलून पळता येतं का?

याच मापानं त्यांनी स्वतः एक सॉफ्टवेअर बनवलं होतं, नोट्स लिहायला. नाव 'गाठोडं'. उघडलं की पांढरा पडदा, त्यावर काळी अक्षरं, खाली 'शोधा' असं एक बटण. संपलं. ठळक नाही, रंग नाही, चित्र नाही. पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात बसायचं आणि कुठल्याही जुन्या डबड्यावर चालायचं. मुख्य म्हणजे त्यात लिहिलेली फाइल कुठंही उघडायची, मोबाइलवर, सायबर कॅफेत, गाठोडं नसलं तरी. "माझं सॉफ्टवेअर मेलं तरी तुझं लिहिलेलं जित्तं राहिलं पाहिजे," हे ते इतक्यांदा म्हणायचे की गल्लीतली पोरं पाणीपुरी खाताना त्यांची नक्कल करायची. भोकरच्या एका पोराला चुकीचं उत्तर लाल रंगात पाहिजे होतं. मामूंनी त्याच्यापुढं कीबोर्ड सरकवला आणि म्हणाले, "चूक झाली म्हणून लिही. वाचून समजत नसंल तर लाल बघून काय समजणार हाय?" एका क्लासचे सर आले, म्हणे यात पासवर्ड टाका, आमचा लोगो टाका, विकू आपण. मामू म्हणाले, "सर, गाठोड्याला कुलूप लावलं तर घाईत उघडायचं कुणी?"

आणि त्यांचा दोन छपरांचा कायदा. लिहिलेलं एका छपराखाली ठेवायचं नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुकानातल्या कॉम्प्युटरवरच्या आमच्या सगळ्या पोरापोरींच्या फाइली एका पेनड्राइव्हवर भरायच्या, पेनड्राइव्ह रुमालात बांधायचा आणि देवणीच्या एसटीत कंडक्टरच्या हातात द्यायचा. देवणीत त्यांच्या आपा, म्हणजे मोठी बहीण. त्या तो शेवयांच्या डब्यात ठेवायच्या. तिकडं गेलेलं पुसायचं नाही, हाही कायदा. आम्ही लई हसायचो.

आता माझी गोष्ट. मी रिपीटर होते, मेडिकलची प्रवेश परीक्षा दुसऱ्यांदा देणारी. बाबांनी सांगून ठेवलेलं, हे शेवटचं, नाही झालं तर मुखेडला येऊन बी.एस्सी. आणि रिपीटरचं खरं पुस्तक म्हणजे चुकांची वही. टेस्टमध्ये चुकलेला प्रत्येक प्रश्न त्यात लिहायचा, का चुकला तेही, आणि शेवटच्या आठवड्यात फक्त तेच वाचायचं. माझी वही गाठोड्यात होती. मी टाइप फास्ट करते, वर्षभरात तेराशेच्या वर ओळी झाल्या होत्या. तेवढ्यात क्लासनं ॲप काढलं. रंग काय, ग्राफ काय, कुठला धडा कच्चा ते चाकासारखं फिरून दाखवायचं. मी येडी झाले. सगळं त्यात टाकलं, फोनमधलं पुसलं आणि ऐटीत दुकानात गेले. "मामू, माझी फाइल पुसून टाका, आता गरज न्हाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पुसू?"

"हाव, पुसा."

पुसली. आणि पुढच्या गिऱ्हाइकाची झेरॉक्स काढायला लागले.

परीक्षेला पाच दिवस राहिले आणि सकाळी ॲप उघडेना. सेवा उपलब्ध नाही. पळत क्लासला गेले तर वॉचमन खुर्ची उन्हातून सावलीत ओढत होता. म्हणाला, "सर लोकांचं फाटलं. फिजिक्सवाले त्यांचं समदं घेऊन गेले, ते ॲप बी त्यांचंच व्हतं म्हणं." मामूंच्या दुकानापर्यंत कशी गेले आठवत नाही. तिथं जाऊन फोन पुढं केला.

मामूंनी बघितलं, चष्मा काढला, देवणीला फोन लावला. आपा लग्नाला उदगीरला गेलेल्या, घराला कुलूप, उद्या येणार. म्हणजे एक दिवस गेला. मी त्या दिवशी काहीच वाचू शकले नाही, जे पुस्तक उघडावं त्यात मला फक्त माझ्या चुका कुठं होत्या ते आठवायचं, चुका आठवायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मामू माझ्यासोबत स्टँडवर बसले. देवणीची पहिली गाडी आली, कंडक्टर म्हणाला, "माझ्याकडं काय न्हाई." दुसरी गाडी आलीच नाही. मी म्हणलं, "मामू, तुम्ही शिव्या तरी द्या." ते म्हणाले, "घर पडल्यावर कुणी शिव्या देतं का? गाठोडं कुठंय ते बघायचं." तिसऱ्या गाडीच्या कंडक्टरनं खिशातून रुमाल काढला. शेवयांचा वास येत होता.

दुकानात फाइल उघडली. काळी अक्षरं, एकाखाली एक. शेवटच्या तीन आठवड्यांतलं नव्हतं, बाकी सगळं होतं. मी रडत रडत वाचत होते आणि घाईत दुसऱ्याच फाइलीवर क्लिक झालं. नाव होतं 'गल्ली'. आमची क्लासची नव्हे, मामूंच्या गावातली, भूकंपाआधीची. मशिदीपासून पहिलं घर, कोण कोण. दुसरं घर, कोण कोण. प्रत्येक माणूस एका ओळीत. चौथ्या घरात चांदबी, तिचा नवरा, शब्बीर, मुन्नी, आणि मग एक रिकामी ओळ.

"तिसरं लेकरू होतं," मामू म्हणाले. "माझ्यासंगं गोट्या खेळायचं. नाव आठवंना. त्या घरातलं सांगायला बी कुणी राहिलं न्हाई. जागा सोडून ठेवलीय."

मी आता नांदेडला मेडिकलला आहे. मामूंनी दुकान बंद केलं, देवणीला आपांकडं राहतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्यांना रुमालात बांधून पेनड्राइव्ह पाठवते. गल्लीची एक कॉपी त्यांनी मला देऊन ठेवलीय, तिसऱ्या छपराखाली. वॉर्डात कुणी औशाकडचं पिकल्या केसांचं माणूस आलं की मी गाव विचारते, मग गल्ली, मग मशिदीपासून चौथं घर. परवा एक आजी म्हणाल्या, "तू कोण गं त्यांची?" मी म्हणलं, "मी मुखेडची."

ती ओळ अजून रिकामीच आहे. फाइल मात्र कुठंही उघडते.